शेळी डावीकडे जाते

कर्णिक एक दिवस आधी आले, तेव्हा आमचं यंत्र झेंडूची माळ घालून चौरंगावर बसलं होतं.

"गोव्याला निघालो होतो," गाडीतून उतरता उतरता ते म्हणाले. "म्हटलं, उद्या दसऱ्याला तुम्हाला कशाला अडकवून ठेवायचं? आजच बघून टाकू. थोडाच तर वेळ लागणार."

शार्दूलनं माझ्याकडे पाहिलं, मी चौरंगाकडे पाहिलं. चौरंगाशेजारी त्याच्या आई, माई, उभ्या होत्या. त्यांना अजून कुणी काही विचारलंही नव्हतं, पण उत्तर चेहऱ्यावर तयार होतं.

त्या दिवशी खंडेनवमी होती. कोल्हापूरजवळच्या शिरोलीत शार्दूलच्या घरची, खराड्यांची फाउंड्री, तिथे पंपांची बिडाची कवचं ओतली जात. खंडेनवमीला भट्टी थंड, ग्राइंडर बंद आणि सगळी हत्यारं चौरंगावर: कानशी, हातोडे, छिन्न्या, पाने. सकाळी पूजा झाली की दुसऱ्या दिवशी दसऱ्याला माई एकेक हत्यार उचलून ज्याच्या त्याच्या हातात देत. तोवर कुणी हात लावायचा नाही. नियम शार्दूलच्या आजोबांच्या वेळचा होता, पण तो त्याच्या वडिलांपेक्षा, आबासाहेबांपेक्षा, माईच जास्त कडक पाळत. आणि यंदा त्या हत्यारांच्या बरोबर मधोमध, दोन कानशींच्या मध्ये, आमचा 'झुंज' होता.

झुंज म्हणजे हातात धरून खेळायचा गेम कन्सोल. परदेशातून शिकून आलेल्या शार्दूलच्या डोक्यातून तो निघाला आणि मी, उत्पला मगदूम, इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर, त्यात अडकले. पुण्यातली बरी नोकरी सोडून आले होते. जयसिंगपूरला घरी आमचे अण्णा विचारायचे, "नेमकं करतीस तरी काय तू तिथं?" मी सांगायचे, ते ऐकायचे आणि परत आईला विचारायचे, "नेमकं करती काय ती तिथं?"

करत होते ते असं. बाजारातल्या कन्सोलच्या काड्या, म्हणजे अंगठ्यानं फिरवायच्या त्या छोट्या दांड्या, आत घासून झिजतात आणि मग हात न लावताही खेळातला माणूस आपला आपण एका बाजूला चालू लागतो. माझ्या काडीत घासणारं काही नव्हतंच. काडीच्या बुडाशी चुंबक आणि त्याच्याखाली चुंबक कुठे सरकलं ते ओळखणारा सेन्सर. जन्मात झिजणार नाही. दोन्ही बाजूंचे कंट्रोलरही चुंबकानंच बसायचे. जवळ नेले की टक्‌ आवाज करून चिकटायचे, ओढले की सुटायचे. हादरे तर असे जमले होते की खेळातली शेळी खडकावर चढली की तळहाताला खडक कळायचा आणि चिखलात उतरली की चिखल. ते चिखलाचं जमवताना माझ्या नाकी नऊ आले होते. शेळी का, तर नमुन्यासाठी शार्दूलनं जो खेळ बनवला त्यात एका शेळीनं गड चढायचा होता. मावळ्याचं चित्र काढायला घेतलं होतं, शेळी लवकर जमली.

एवढ्या चुंबकांमुळे मी एक नियम केला होता. फाउंड्रीत हवेतसुद्धा बिडाचा कीस असतो. म्हणून शेडच्या कोपऱ्यात प्लायवूडची खोली करून घेतली होती. तिथे चपला बाहेर, हात धुऊन आत, आणि कारखान्यातली एकही वस्तू आत आणायची नाही. माई याला 'उत्पलाचं सोवळं' म्हणत. "आमच्या सासूबाईंचंबी एवढं नव्हतं," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

सोवळ्यातून सुटलेली एकच वस्तू होती, ती आबासाहेबांची. कन्सोल टीव्हीला जोडून टेबलावर उभा करायचा आमचा प्लास्टिकचा स्टँड सारखा कलंडायचा. आबासाहेबांनी ते एकदा पाहिलं आणि म्हणाले, "बिडाचा करा की. हलतोय कशाला!" दुसऱ्या दिवशी त्यांनी खरोखरच एक ओतून आणला आणि त्याला पंपाला देतात तोच हिरवा रंग मारला. तो एका हातानं उचलायचा म्हणजे व्यायाम होता. त्यांना वाईट वाटू नये म्हणून आम्ही तो टेबलावर ठेवला होता आणि पाहुणे आले की त्याच्यावर रुमाल टाकत होतो.

या आबासाहेबांनीच आम्हाला मुदत दिली होती. "दसऱ्यापतोर त्या कर्णिकांची ऑर्डर आली तर शेड तुमची. न्हाई आली तर दसऱ्याच्या मुहूर्तावर मी तिथं मोल्डिंग सुरू करणार. मग रडायचं न्हाई." कर्णिक म्हणजे मुंबईच्या एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानसाखळीचे खरेदीप्रमुख. ते हो म्हणाले असते तर झुंज दुकानात दिसला असता. नाही म्हणाले असते तर मला पुण्याला परत जाऊन दुसऱ्याच कुणाचे इन्व्हर्टर दुरुस्त करत बसावं लागलं असतं. मला तो दुकानाच्या काचेत बघायचा होता. दुसरं काही नको होतं.

"माई," शार्दूल दबक्या आवाजात म्हणाला, "जरा वेळच लागेल. दाखवतो आणि परत ठेवतो."

"उद्या."

"उद्या ते गोव्यात असतील."

"मग ऱ्हावा म्हणावं की साहेबांना. जेवायला घालू, खाट टाकून देऊ. हत्यार आज उठायचं न्हाई."

कर्णिक लांबून हसले. त्यांना वाटलं, आमचं काहीतरी चहाचं चाललंय.

"अगं माई, पण ते हत्यार कुठं आहे?" शार्दूलचा आवाज आणखी खाली गेला. "खेळणं आहे ते."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. झुंजला कुणी खेळणं म्हटलं की हा माणूस खुर्ची ओढून बसायचा आणि समोरच्याला प्रोसेसरपासून समजावायला सुरुवात करायचा. याच एका शब्दावरून त्यानं सख्ख्या मामाशी अबोला धरला होता.

"खेळणं?" माईंनी कमरेवर हात ठेवले. "सकाळी तर म्हणालास, 'माई, हे आमचं हत्यार, ह्याचीबी पूजा कर.' म्हणून मांडलं मी. नारळ फोडला, माळ घातली. आन् दुपारी खेळणं झालं व्हय?"

"माई, समजून घे ना."

"तू गप." त्या माझ्याकडे वळल्या. "तू सांग गं. तू केलंयस. काय हाय हे?"

खरं सांगायचं तर दुपारी मी आले आणि झुंज त्या कानशी-हातोड्यांत बसलेला पाहिला, तेव्हा मला भरून आलं होतं. पडद्याच्या वर माईंनी बोटानं कुंकू लावलं होतं. वर्षभर ज्याला सगळे खेळणं म्हणत होते, त्याला त्या घरानं पहिल्यांदा आपल्यात बसवून घेतलं होतं. आणि ते मला आता माझ्याच तोंडानं परत करायचं होतं.

"खेळणं आहे, माई," मी म्हणाले.

माईंनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग झुंजच्या गळ्यातली माळ काढून त्यांनी शेजारच्या हातोड्याला घातली.

"मग घ्या," त्या म्हणाल्या. "खेळण्याला काय, कवाबी खेळावं."

खोलीत कर्णिकांच्या पुढे चिवडा आणि लाडू आले. आबासाहेब सणाचा फेटा बांधून दारापाशी बसले. आल्या आल्या त्यांनी हिरव्या स्टँडवरचा रुमाल काढला, घडी केली आणि खिशात ठेवला. शार्दूलनं घसा साफ केला.

"सर, आधी पकड बघा. मागच्या बाजूला बोटं जिथे टेकतात, तिथे दोन जादा बटणं आहेत. आत पंखा आहे, पण आवाज ऐकू येणार नाही. कंट्रोलर चुंबकानं बसतात, आणि काड्या—" इथे तो थांबला, हे वाक्य त्यानं आरशापुढे घोकलेलं होतं. "सर, या काड्या कधीच झिजत नाहीत. यातला खेळाडू स्वतःहून कधीच हलणार नाही."

"वा," कर्णिक म्हणाले. "वजन छान आहे हो हातात." त्यांनी बटण दाबलं. गड उगवला, पायथ्याशी शेळी उभी राहिली आणि कर्णिकांनी अंगठा लावायच्या आत डावीकडे चालू लागली.

"हां, चालते आहे," कर्णिक म्हणाले.

शेळी डावीकडे चालत चालत कड्यापर्यंत गेली आणि खाली पडली. कन्सोल हादरला.

"पडली," कर्णिक म्हणाले.

"पुन्हा उभी राहते, सर," शार्दूल म्हणाला.

ती पुन्हा उभी राहिली, पुन्हा डावीकडे गेली आणि पडली. कर्णिकांनी काडी उजवीकडे दाबून धरली, तेव्हा ती जागच्या जागी थरथरत उभी राहिली. काडी सोडली की परत डावीकडे. ती काडी मी हजारो वेळा फिरवून तपासलेली होती. आदल्या संध्याकाळीच शेळी गडावर नेऊन आणली होती.

"पडल्याचा हादरा मात्र अगदी खरा वाटतो," कर्णिक म्हणाले. ते चांगले गृहस्थ होते, काहीतरी बरं बोलायचं म्हणून शोधत होते.

"सर, कंट्रोलर काढून दाखवतो," शार्दूल घाईघाईनं म्हणाला. त्यानं डावा कंट्रोलर ओढून काढला आणि परत लावला. टक्‌ असा आवाज आला नाही, कर्र असा आला. पडद्यावर 'डावा कंट्रोलर जोडा' अशी सूचना आली, गेली, परत आली. शेळी तेवढ्यात आणखी एकदा पडली.

मी कन्सोल त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतला आणि उलटा करून उजेडात धरला. कंट्रोलर जिथे चिकटतो त्या सगळ्या कडेला बारीक काळे केस उभे राहिले होते. डाव्या काडीच्या बुडाशी तर गोल दाढीच फुटली होती. झुंज सकाळपासून दोन कानशींच्या मध्ये बसला होता, आणि वर्षानुवर्षं बीड घासलेल्या त्या कानशींनी आपल्या दातांतला सगळा कीस त्याच्या चुंबकांना देऊन टाकला होता. वर्षभर सोवळ्यात ठेवलेलं यंत्र पूजेला बसून विटाळलं होतं, आणि दुपारी ते तिथे बघून भरून आलं त्या भरात मला माझाच नियम आठवला नव्हता.

"हे काय, केस आहेत का?" कर्णिकांनी विचारलं.

"छ्या! बिडाचा कीस हाय, साहेब," दारातून आबासाहेब अभिमानानं म्हणाले. "आमच्याच कारखान्यातला."

मला रडू येत होतं आणि ते दिसू नये म्हणून मी खाली मान घालून फडक्यानं पुसत होते. पुसलं की कीस काडीच्या फटीत आणखी आत जात होता. "सर, स्वच्छ केलं की नीट चालेल," मी म्हणाले. "यंत्रात दोष नाही. फक्त आत थोडा कीस—"

"असेल, असेल," कर्णिक म्हणाले. "पण बघा ना, दुकानात मी ते गिऱ्हाइकाच्या हातात देणार. तिथे तुम्ही पुसायला कुठून येणार?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. घरून व्हिडिओ कॉल होता. एका हातात लाडू होता आणि दुसरा चिवड्याला हवा होता, त्यामुळे त्यांनी फोन समोरच्या हिरव्या स्टँडला टेकवला आणि बोलू लागले. "हो, निघतोच. कोल्हापुरात आहे. नाही गं, मिसळ नाही खाल्ली." आबासाहेबांनी त्यांना चिवडा आणखी वाढायला म्हणून खुर्ची ओढली, ती टेबलाला धडकली. पाण्याचा पेला आडवा झाला, बशी सरकली, मी धरून बसले होते तो झुंजही हातातून निसटता निसटता राहिला. फोन होता तिथेच होता.

"हलला नाहीस तू अजिबात," फोनमधून बाईंचा आवाज आला. "नाहीतर गाडीतून बोलतोस तेव्हा तुझं नाकच दिसतं."

कॉल संपला. कर्णिकांनी फोन काढून घेतला आणि स्टँड बोटानं ढकलून पाहिला. मग हातानं. मग लाडू खाली ठेवून दोन्ही हातांनी उचलला.

"हा कुठे घेतला तुम्ही?"

"घेतला कशाला? ओतला," आबासाहेब म्हणाले.

"फोनसाठी मिळेल का? थोडा लहान?"

"लहान करू, मोठा करू. तुमास्नी कसा पायजे सांगा. रंग ह्योच ठेवायचा का?"

"रंग तर हाच ठेवा," कर्णिक म्हणाले. "लोकांना असलं जुन्या कारखान्यासारखं आवडतं हल्ली."

आणि मग, ज्यासाठी शार्दूलनं वर्षभर आरशापुढे घोकंपट्टी केली ते सगळं आमच्या डोळ्यांदेखत झालं. हिरवा स्टँड नमुना म्हणून गाडीत गेला, हातात हात मिळाले, दिवाळीच्या आधी माल द्यायचं ठरलं. कर्णिक माईंच्या पाया पडून गोव्याला निघून गेले. गाडी वळणाआड गेली तशी आबासाहेबांनी शार्दूलच्या पाठीवर थाप मारली.

"दसऱ्याच्या आत ऑर्डर आली का न्हाई? शब्द म्हंजे शब्द. शेड तुमची! उद्या मुहूर्तावर तिथं मोल्डिंग सुरू करा."

शार्दूल त्या खोलीच्या प्लायवूडच्या भिंतीकडे बघत राहिला. उद्या ती काढावी लागणार होती.

दसऱ्याला सकाळी मी पोचले तेव्हा हत्यारं वाटून झाली होती. खोलीची एक भिंत उतरली होती आणि आत साच्यांसाठी वाळू पसरली होती. माई स्वयंपाकघरात पुऱ्यांची कणीक मळत होत्या. मी झुंज घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसले. दुसरीकडे बसायला जागा नव्हती.

"त्याच्या मिशा अजून निघाल्या न्हाईत?" माईंनी विचारलं.

"फटीत बसल्यात."

माईंनी कणकेचा एक गोळा तोडला, जरा तेलाचा हात लावला आणि माझ्यापुढे धरला. मी तो काडीच्या बुडाशी दाबून उचलला. गोळा काळा झाला. दुसरा दाबला, तिसरा दाबला. तीन-चार पुऱ्या वाया घालवल्यावर गोळा पांढराच निघाला. मी बटण दाबलं. गड उगवला. शेळी पायथ्याशी उभी राहिली आणि तशीच उभी राहिली. मी अंगठा लावेपर्यंत तिनं शेपूटसुद्धा हलवलं नाही.

मी तिला वर नेली. खडक कळला, चिखल कळला. माथ्यावर जाऊन तिनं मान वर केली, मी शार्दूलला करायला लावली होती तशी. बाहेर आबासाहेब पहिल्या साच्यापुढे नारळ फोडत होते आणि सगळे तिकडे होते.

"बघू," माई म्हणाल्या. हात पदराला पुसून त्यांनी झुंज घेतला. शेळी पडली. "अगं बाई, हाताला कळतंय की पडल्यालं!" परत पडली. बाहेरून शार्दूल पुऱ्यांसाठी हाक मारून गेला तरी माई उठल्या नाहीत. माथ्यावर पोचायला त्यांना बराच वेळ लागला. पोचल्यावर त्यांनी इकडेतिकडे बघितलं, कुणी नाही असं पाहून झुंज कपाळाला लावला आणि मला परत दिला.

"काल तू खेळणं म्हणालीस," त्या म्हणाल्या. "उगीच म्हणालीस."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. खराड्यांचे स्टँड फोनचे आहेत, टॅबचे आहेत, देवघरातल्या फोटोंचे आहेत. पुण्यात, मुंबईत मोठमोठ्या दुकानांच्या काचेत दिसतात. कंपनीत माझ्या खुर्चीमागे 'उत्पादन विकास प्रमुख' अशी पाटी आहे आणि मी विकास करते तो बहुतेक रंगांचा. अण्णांना आता मी काय करते ते नीट कळतं. ते गावभर सांगतात. मध्यंतरी परदेशातल्या एका बड्या कंपनीचा नवा कन्सोल आला, कंट्रोलर चुंबकानं बसणारा. शार्दूलनं त्याची जाहिरात मला दाखवली, मग फोन खिशात ठेवला आणि आम्ही दोघं हिरवा रंग जरा गडद करावा का यावर बोलत राहिलो.

खंडेनवमीला झुंज अजून चौरंगावर असतो. माई त्याला आता कानशींपासून लांब, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवतात. आणि दसऱ्याला सकाळी हत्यारं वाटताना तो तेवढा कुणाला देत नाहीत. चष्मा लावून खुर्चीत बसतात आणि शेळी गडावर नेतात. नातवंडं आली असतील तरी आधी त्या.

यंदा माथ्यावर पोचल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"हे बघ, डावी काडी जरा जड लागतीय," त्या म्हणाल्या. "आन् अक्षरं लई बारीक हायत. पुढचं काढशील तेव्हा तेवढं बघ."

आमच्या यंत्राबद्दल गिऱ्हाइकाकडून आलेली ती पहिली तक्रार होती. मी काडी फिरवून पाहिली. खरंच जड लागत होती.

"बघते, माई," मी म्हणाले.